फलाटावरचा शिपाई : एकोणीस मिलिमीटरचा इतिहास

गाडीत ऐकत असाल तर सावकाश चालवा, घरी ऐकत असाल तर चहा ठेवा. आजचा विषय आहे छोट्या बाहुल्यांचा, पण गोष्ट तशी मोठी आहे.

सुरुवात एका प्रश्नाने करतो. दिवाळीत तुमच्या घरी किल्ला होतो का? आमच्याकडे होतो. मिशिगनमध्ये दिवाळीपर्यंत बाहेर थंडी पडलेली असते, त्यामुळे आमचा रायगड गराजमध्ये उभा राहतो. खोकी, जुनी वर्तमानपत्रं, होम डेपोतून आणलेली माती आणि वर हळीव. पहिल्या वर्षी मावळे मिळाले नाहीत. मग मुलाने त्याच्याकडची प्लास्टिकची हिरवी सैनिकमंडळी काढली आणि महादरवाजावर बझूका घेतलेले दोन अमेरिकन शिपाई उभे केले! भारतातून व्हिडिओ कॉलवर किल्ला बघताना माझे बाबा इतके हसले, की फोन त्यांच्या हातून खाली पडला.

किल्ला हा खेळ आहे, तिथे सगळं चालतं. पण त्याच मुलाला पुढे मॉडेल रेल्वेचं वेड लागलं. डिअरबॉर्नच्या हेन्री फोर्ड म्युझियममधलं ते अवाढव्य ॲलेगेनी इंजिन बघून आला आणि बेसमेंटमध्ये रूळ पसरले. म्हणाला, "बाबा, सगळ्यांचे ले-आउट अमेरिकेचे असतात. आपण आपल्या गावाचं स्टेशन करू." माझ्यातला कन्सल्टंट लगेच जागा झाला. आम्ही स्कोप ठरवला. स्टेशन मसूर, जिल्हा सातारा. आमचं मूळ गाव तिथून बैलगाडीच्या अंतरावर. वर्ष १९१६. कारण घरात लहानपणापासून ऐकलेलं होतं की माझे पणजोबा, ज्यांना बाबा 'आबा' म्हणतात, त्या साली पहिल्या महायुद्धात बगदादकडे लढायला गेले. म्हणजे फलाटावर गाडीची वाट बघणारा एक मराठा शिपाई हवाच. तोच आमचा नायक.

आता मॉडेल रेल्वेवाल्यांची एक सवय सांगतो. इंजिनाच्या चाकांचे आरे मोजतील, डब्याच्या रंगाची छटा तपासतील, पण फलाटावरची माणसं पाकिटातून काढून तशीच चिकटवतील. माणसांचा खरा अभ्यास करतात ती लष्करी मॉडेल बनवणारी मंडळी. कोणत्या पलटणीचा, कोणत्या सालचा, कोणत्या हवामानातला शिपाई, पट्टा कुठून कुठे जातो, बूट कोणते, हे सगळं ते पुस्तकं आणि फोटो समोर ठेवून ठरवतात. म्हणून ठरवलं, माणसांपुरतं त्यांच्या शाळेत जायचं.

पहिला धडा मापाचा. आमचा ले-आउट एच-ओ, म्हणजे एकास सत्याऐंशी. पाच फूट सहा इंचांचा माणूस त्यात एकोणीस मिलिमीटरचा होतो. लष्करी बाहुल्या मात्र बहुतेक एकास बहात्तरच्या मिळतात. तोच माणूस तिथे तेवीस मिलिमीटरचा. चार मिलिमीटरने काय बिघडतं, असं वाटेल. पण एच-ओच्या फलाटावर तो उभा राहिला की सहा फूट आठ इंचांचा दिसतो! आमचा पहिला शिपाई स्टेशनमास्तरच्या दारातून आत जाऊ शकत नव्हता. शेवटी जर्मनीच्या प्रायझर कंपनीच्या न रंगवलेल्या एच-ओ बाहुल्या मागवल्या. टोप्या कानसीने घासून काढल्या आणि पुटीने पागोटी बांधली.

दुसरा धडा उभं राहण्याचा. पाकिटातले शिपाई कायम हल्ला करत असतात. स्टेशनवरचा शिपाई हल्ला करत नाही, तो वाट बघतो. एका पायावर भार टाकतो, बोजावर बसतो, बिडी ओढतो, आईकडे बघायचं टाळतो. बंदूक रोखलेल्या बाहुलीचे हात कापून ते गुडघ्यांवर ठेवले, की ती बाहुली माणूस होते.

तिसरा आणि सगळ्यात मोठा धडा सालाचा. इथे आपल्या नोव्हायचंच उदाहरण घ्या. इथे नवीन आलेल्या प्रत्येकाला कोणीतरी सांगतंच की रेल्वेचं सहावं स्टेशन, 'नंबर सिक्स', रोमन आकड्यात एन-ओ-व्ही-आय, म्हणून नोव्हाय. मीही दहा जणांना सांगितलं असेल. पण टाउनशिपचं नाव १८३२ सालचं आहे आणि मिशिगनमधली पहिली रेल्वे धावली १८३६ मध्ये. नाव आधी, गाडी नंतर! गोष्ट कितीही गोड असली तरी तारीख तिला विचारते, "तू तेव्हा होतीस का?"

हाच प्रश्न फलाटावरच्या प्रत्येक बाहुलीला विचारायचा. आम्ही एका म्हाताऱ्याच्या डोक्यावर पांढरी गांधी टोपी रंगवली होती. १९१६ मध्ये ती चालणार नाही, ती घराघरात पोचली १९१९-२० नंतर. टोपी काढली, पागोटं आलं. शिपायाला आधी लाल कोट दिला होता, कारण माझ्यासमोर मेजर लव्हेट यांची चित्रं होती. 'द आर्मीज ऑफ इंडिया' हे १९११ चं पुस्तक. त्यातली चित्रं सुंदर आहेत, पण बरीचशी समारंभाच्या पोशाखाची. लढाईवर जाणारा शिपाई खाकीत असतो. खाकी अंगरखा, पायांना पट्ट्या, जाड बूट, खांद्यावर ली-एनफिल्ड. आणि फेटा? पाकिटातले हिंदी शिपाई सगळे शीख होते. पंजाबी मुसलमान शिपायाच्या फेट्यातून कुल्ल्याचं टोक वर येतं. मराठ्याचं पागोटं या दोन्हींपेक्षा वेगळं. एवढ्याशा डोक्यावर हा फरक दाखवायला मला तीन रविवार लागले.

साल हे फक्त कपडे ठरवत नाही. फलाटावर कोण उभं राहू शकतं, हेही सालच ठरवतं. महार शिपाई बॉम्बे आर्मीत पिढ्यान्पिढ्या होते. कोरेगाव भीमाच्या स्तंभावर त्यांची नावं आहेत. पण १८९० च्या दशकात त्यांची भरती बंद केली गेली. महायुद्धात माणसं कमी पडायला लागली, तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली आणि १९२१ मध्ये ती मोडलीही. म्हणजे माझ्या १९१६ च्या फलाटावर महार पलटणीचा शिपाई ठेवता येत नाही. त्याची ती रिकामी जागा हाही इतिहासच आहे.

आणि याच मसूरच्या फलाटाची एक नोंद आपल्याकडे आहे, जी कुठल्याही गणवेशाच्या पुस्तकापेक्षा मोलाची आहे. १९०१ साल. साताऱ्याहून चार मुलं गाडीने मसूरला उतरली. खटाव तालुक्यात दुष्काळी कामावर त्यांचे वडील कॅशियर होते, त्यांच्याकडे सुट्टीला निघालेली. वडील म्हणजे लष्करातून निवृत्त झालेले सुभेदार रामजी सकपाळ आणि त्या मुलांमध्ये एक, नऊ-दहा वर्षांचे भीमराव आंबेडकर. प्रवासासाठी मुलांना नवे कपडे केले होते : इंग्रजी धाटणीचे सदरे, चमकदार टोप्या, नवे बूट, रेशीमकाठी धोतरं. न्यायला कोणी आलं नाही. स्टेशनमास्तरने चौकशी केली. मुलांनी जात सांगितली आणि त्याचा चेहराच बदलला. गाडीवान दुप्पट भाडं देऊनही बैलगाडी हाकायला तयार होईनात. बाबासाहेबांनी हे सगळं 'वेटिंग फॉर अ व्हिसा' मध्ये स्वतः लिहून ठेवलं आहे.

मी मुलाला ते वाचून दाखवलं. त्याने विचारलं, "मग ती चार मुलं आपल्या फलाटावर ठेवायची?" मी म्हटलं, "आपलं साल १९१६ आहे." तो म्हणाला, "फलाट तर तोच आहे ना?" त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आता त्या चार बाहुल्यांची एक छोटी चौकट ले-आउटशेजारी वेगळी आहे, खाली लिहिलंय : मसूर, १९०१. गावच्या स्टेशनचं गोड चित्र करायला निघालो होतो. खरं करायचं तर फक्त गोड करून भागत नाही.

आता आपल्या शिपायाचा प्रवास बघू. पुणे ते मिरज ही लाइन तेव्हा मीटर गेज होती, मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वेची. मसूरहून पुण्यापर्यंत छोटी गाडी. पुण्यात उतरून जीआयपीच्या साडेपाच फुटी मोठ्या गाडीने मुंबई. मुंबईहून बोट. १९१४ च्या नोव्हेंबरमध्ये सहाव्या, म्हणजे पूना डिव्हिजनचे पहिले सैनिक इराकच्या किनाऱ्यावर फाओला उतरले, त्यात ११७ वी मराठा पलटण होती. पुढे १०३ वी आणि ११० वीही गेली. याच तिन्ही पलटणी कुत-अल-अमाराच्या वेढ्यात अडकल्या. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६, जवळजवळ पाच महिने. अन्न संपलं, घोडे आणि खेचरं खाण्याची वेळ आली आणि शेवटी शरणागती. तेरा हजारांवर माणसं कैदेत गेली.

त्या आकड्यापाशी मी थांबलो. कारण त्या तेरा हजारांमध्ये तीन हजारांहून जास्त माणसं शिपाई नव्हतीच. कागदावर त्यांचं नाव 'फॉलोअर'. पखाल वाहणारे भिस्ती, स्वयंपाकी, झाडूवाले, खेचरवाले, डोलीवाले. हिंदुस्थानने युद्धाच्या काळात एकंदर १४ लाख ४० हजारांच्या आसपास माणसं भरती केली. त्यातली ५ लाख ६३ हजार अशी, बिनहत्यारी. दर पाच माणसांत जवळजवळ दोन. मी फलाटावर पाच बाहुल्या ठेवल्या होत्या, पाचांच्याही खांद्यावर बंदूक.

आणि मग मला आबांचं पदक आठवलं.

आमच्या घरी ते स्टीलच्या डब्यात असतं, सात-बाराच्या उताऱ्यांबरोबर. मी बाबांना फोन केला. "बाबा, पदकाच्या कडेवर काही कोरलंय का बघता?" लष्करी मॉडेलवाल्यांकडून शिकलेली ही चौथी गोष्ट. पहिल्या महायुद्धाच्या ब्रिटिश वॉर मेडलवर एका बाजूला पंचम जॉर्ज, दुसऱ्या बाजूला घोडेस्वार आणि १९१४, १९१८ ही सालं असतात. पण माणसाची माहिती असते ती कडेवर : नंबर, हुद्दा, नाव, पलटण. बाबांना दिसेना. चुलतभावाने मोबाइलचा टॉर्च लावून फोटो काढून पाठवले.

पहिली गोष्ट दिसली ती रंग. पदक तपकिरी होतं. लढणाऱ्या शिपायाला ते चांदीचं मिळत असे. काशाचं पदक निघालं ते सुमारे १ लाख १० हजार, बहुतेक सगळी लेबर कोअरच्या माणसांना आणि फॉलोअर मंडळींना. मग फोटो मोठा करून कडेवरची अक्षरं वाचली. आबांचं नाव होतं. त्याआधी हुद्द्याच्या जागी इंग्रजीत एकच शब्द : कुली. आणि पुढे, लेबर कोअर.

मंडळी, त्या रात्री मला झोप आली नाही. आमच्या घरातली एकुलती एक शौर्यकथा होती ती. बाबांनी शाळेत सांगितलेली, मी शाळेत सांगितलेली, माझ्या मुलाने इथल्या शाळेत प्रोजेक्टमध्ये मांडलेली. सांगू नये असंच वाटलं. पंचाहत्तरीच्या माणसाला कशाला? इतक्या दुरून फोनवर असलं काही सांगायचा मला काय अधिकार? ऑफिसात मी क्लायंटला सरळ सांगतो की तुमचा डेटा चुकीचा आहे. बाबांना सांगायला आठ दिवस लागले.

त्या आठ दिवसांत मी फोटो बघत बसलो. लंडनच्या इम्पिरियल वॉर म्युझियमचा संग्रह घरबसल्या बघता येतो. एरियल व्हार्जेस या छायाचित्रकाराने १९१७ पासून मेसोपोटेमियात काढलेले फोटो त्यात आहेत. तिथे लेबर कोअरने काय काम केलं, तेही वाचलं. बंधारे घातले, रस्ते केले, बोटी रिकाम्या केल्या आणि रूळ टाकले. आणि कोणते रूळ? मीटर गेज! हिंदुस्थानातून रूळ, डबे, इंजिनं बोटीत घालून तिकडे नेली होती. बसऱ्याहून नासिरियाकडे, कुतहून बगदादकडे जी लाइन पडली ती आमच्या मसूरच्याच मापाची. एक मीटर, ना इंचभर कमी ना जास्त.

रविवारी फोन केला. सगळं सांगितलं. काशाचं पदक, कुली हा शब्द, लेबर कोअर. पलीकडे बराच वेळ काही आवाज नाही. मला वाटलं लाइन गेली. मग बाबा म्हणाले, "आजी म्हणायची तसं. ती कधी लढाई म्हणालीच नाही. ती म्हणायची, तिकडं माती वाहायला गेले हुते. आम्ही पोरंच. शाळेत सांगायला बंदूक बरी वाटली."

थोड्या वेळाने त्यांनीच विचारलं, "मग तुझ्या त्या फलाटावरच्या शिपायाचं काय करणार?"

शिपाई तिथेच आहे. मसूरच्या पंचक्रोशीतून पलटणीत गेलेली माणसं खरी होती, त्यांना खाली उतरवायचं कारण नाही. पण पाचांपैकी दोन बाहुल्यांच्या बंदुका मी काढल्या. एकाच्या पाठीवर पखाल आली. दुसऱ्याजवळ घोंगडीची वळकटी आणि खोरं. एकोणीस मिलिमीटरच्या माणसाचं खोरं जेमतेम बारा मिलिमीटरचं. पितळी तारेचं दांडकं आणि सोड्याच्या कॅनचा पत्रा. मुलगा म्हणाला, "रेल्वेच्या ले-आउटवर खरं तर हाच माणूस आधी पाहिजे ना? रूळ यानेच टाकले." मी त्या बाहुलीचा कुडता रंगवत होतो, मान वर केली नाही.

आणखी एक सांगतो आणि आटोपतं घेतो. मेसोपोटेमियात मेलेल्यांसाठी बसऱ्याला मोठं स्मारक उभारलं गेलं, १९२९ मध्ये. चाळीस हजारांवर माणसांची आठवण तिथे आहे. पण त्या भिंतींवर हिंदी फौजेतल्या फक्त अधिकाऱ्यांची नावं कोरली. साध्या शिपायांचे पलटणीनुसार नुसते आकडे. बंदूक धरलेल्याचं नाव जिथे आलं नाही, तिथे पाटी उचललेल्याचं कुठून येणार? अशा माणसाचं नाव उरतं ते एखाद्या घरातल्या डब्यात, पदकाच्या कडेवर.

म्हणून आज तुम्हाला एक काम देतो. भारतात फोन कराल तेव्हा विचारा, घरात जुनं पदक आहे का. असेल तर ते उगाच घासूनपुसून चकचकीत करू नका, कडेवरची अक्षरं झिजतात. कडेचा फोटो मागवा. धातू बघा, पण एक लक्षात ठेवा : पंख असलेल्या विजयदेवतेचं जे पदक असतं, व्हिक्टरी मेडल, ते सगळ्यांनाच काशाचं दिलेलं आहे, त्यावरून काही ठरवू नका. घोडेस्वाराचं पदक बघा. आणि गावात जुन्या चावडीवर किंवा शाळेच्या भिंतीत 'या गावातून इतके गेले, इतके परतले नाहीत' अशी संगमरवरी पाटी असेल, तर तिचाही फोटो काढून ठेवा.

आणि जे निघेल ते मुलांना आहे तसं सांगा. माझ्या मुलाने त्याचा शाळेचा प्रोजेक्ट बदलला. आधी शीर्षक होतं, माझे खापरपणजोबा, सैनिक. आता आहे, माझे खापरपणजोबा, ज्यांनी रेल्वे बांधली. शिक्षिकेला त्याने विचारून घेतलं की कागदावर पुरावा नसेल तर 'बांधली' म्हणायचं की 'बांधली असेल'. त्याने 'असेल' लिहिलं.

बाबा येत्या उन्हाळ्यात नोव्हायला येणार आहेत. म्हणाले, "फलाटावर आबांच्या शेजारी एक जागा ठेव, आजीला बसव. नऊवारीत. आणि रडवेली करू नको तिला, ती तसली नव्हती." तर सध्या बेसमेंटमध्ये एकोणीस मिलिमीटरचा कासोटा घालायचं काम चालू आहे. कोणाला जमत असेल तर मंडळाच्या पुढच्या कार्यक्रमात भेटा, चहा माझ्याकडून.

भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या, आणि घरी फोन करा. नमस्कार!